तिसऱ्या स्लाइडच्या पुढे

शेवेचा डबा कितीही झटकला तरी तळाशी चुरा उरतोच. आमच्या सेमिनारांचंही तसंच आहे. संशोधन ज्याचं तो घरी घेऊन जातो, चुरा माझ्याकडे राहतो. आता तो इतका साठलाय की थोडा वाटून टाकलेला बरा.

आमची संशोधन संस्था माळव्यातल्या देवासची, लहानशी. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, समाजशास्त्र, सगळे एकाच हॉलमध्ये. शनिवारी दुपारी सेमिनार. मी नववीत शाळा सोडली, इथे माइक आणि प्रोजेक्टर सांभाळतो. सगळे मला भिया म्हणतात, म्हणजे माळवीत भाऊ.

इथली रीत अशी की बोलणाऱ्याला केव्हाही थांबवता येतं. त्यात पहिला मान मुजुमदार काकांचा. अर्थशास्त्राचे रिटायर्ड प्राध्यापक, पहिली रांग, मधली खुर्ची. ते हात वर करून म्हणतात, "एकच छोटी शंका." ती शंका चहापर्यंत पुरते. त्यामुळे माझ्या आठवणीत तरी कोणी तिसऱ्या स्लाइडच्या पुढे गेलेलं नाही.

बाकीच्यांचं यात काही बिघडत नव्हतं. धारच्या रेणूताईचं मात्र बिघडत होतं. तिची पीएचडी अमझेऱ्याच्या आठवडी बाजारावर. थिसिस देण्याआधी सेमिनारमध्ये निष्कर्ष मांडावे लागतात, मगच गाइडची सही. गाइड म्हणजे आमच्या संस्थेचे प्रमुख, संख्याशास्त्राचे दिघे सर, आणि ते मार्चअखेर रिटायर होणार होते. सही राहिली तर नवा गाइड, नवा विषय, सगळं पहिल्यापासून. तिचे दोन सेमिनार "बाजार म्हणजे काय?" या शंकेतच संपले होते. दुसऱ्या वेळी तर ती धारच्या बसमध्ये बसली तरी काका खिडकीखाली उभे राहून तेच समजावत होते.

* * *

दिघे सरांचा चिठ्ठ्यांवर फार विश्वास. काहीही निवडायचं तर चिठ्ठ्या टाकूनच, नाहीतर म्हणे पक्षपात होतो. एकदा कचोऱ्या माणसांपेक्षा कमी आल्या. सरांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि काकांना कचोरी मिळाली नाही. पुढच्या शनिवारी परत कमी, परत चिठ्ठ्या, परत काका उपाशी. तिसऱ्या शनिवारीही तेच झालं.

काका म्हणाले, "दिघे, तुमच्या चिठ्ठ्यांत खोट आहे."

"खोट नाही काका, सॅम्पल लहान आहे. अजून पन्नास-साठ सेमिनार होऊ द्या, तुमची सरासरी आपोआप बरोबर येईल."

"माझी पंचाहत्तरी झाली," काका म्हणाले. "माझं सॅम्पल लहानच राहणार."

रेणूताईनं आपली कचोरी मोडून अर्धी त्यांना दिली. काकांनी ती खाल्ली, हात पुसला आणि तिला विचारलं, "पण बाजार म्हणजे काय, हे ठरलं का तुझं?"

* * *

सोनकच्छला आम्ही सर्व्हे केला होता. प्रश्न साधा: अनोळखी माणसावर तुमचा विश्वास आहे का? विचारणारे आम्ही, म्हणजे अनोळखी. एका बाईंनी आमच्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

सेमिनारात यावर जुंपली. दिघे सर म्हणाले, "याला 'उत्तर दिलं नाही' धरायचं." काका म्हणाले, "दार लावलं हेच उत्तर. 'विश्वास नाही' धरा." दोघांनी फळ्याचा अर्धा अर्धा भाग वाटून घेतला आणि दोन्ही अर्धे भरले. एका पाहुण्यानं सुचवलं की दार किती जोरात लावलं यावरून गुण द्यावेत.

शेवटी त्या दारापाशी उभी राहिलेली रेणूताई म्हणाली, "सर, त्या आतून बोलल्या होत्या."

"काय बोलल्या?"

"भरोसो तो पूरो हे, पण किवाड़ नी खोलूंगी."

दोघांनी आपापला अर्धा फळा पुसला.

* * *

पुण्याच्या एक मॅडम आल्या होत्या. विषय: महाराष्ट्राबाहेरची तरुण मंडळी मराठी किती वाचतात. त्यांनी संस्थेतल्या मुला-मुलींना छापील प्रश्न वाटले आणि दुसऱ्या दिवशी जमा करायला सांगून त्या मांडवचा किल्ला बघायला गेल्या.

आता आमची मुलं घरी मराठी बोलतात, पण शिकलेली हिंदीत. मराठीचं भरगच्च पान पाहून त्यांनी ते गुपचूप काकांकडे सरकवलं. "काका, जरा देख लो ना." काका मराठीचे अभिमानी. ते मोठ्यानं प्रश्न वाचायचे आणि कोणी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर लिहायचे. सगळ्यांचे कागद त्यांनी त्याच दुपारी भरले.

जाण्याआधी मॅडमनी निष्कर्ष सांगितला. आवाज अगदी भरून आला होता. "धार-देवासची तरुण पिढी रोज पहाटे मराठी वाचते, हे पाहून मी थक्क झाले. फक्त गुडघेदुखीमुळे त्यांना वाचनालयाचा जिना चढवत नाही."

काकांनी सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या.

* * *

एकदा दिघे सरांना वाटलं की आपल्याकडे ठरावीक लोकच बोलतात, गप्प माणसांचं मतही घ्यायला हवं. हॉलमध्ये सगळ्यात गप्प मी. सर म्हणाले, "आज आधी भिया बोलेल."

मला घाम फुटला. माइक हातातच होता. मी उभा राहिलो, "हॅलो, हॅलो, वन टू थ्री" म्हणालो आणि खाली बसलो.

कोणी हसलं नाही. सगळे विचारात पडले. काका म्हणाले, "या हॉलमध्ये आज प्रथमच असं काही बोललं गेलं, ज्यावर मला शंका नाही."

* * *

मग मार्चचा शेवटचा शनिवार आला. रेणूताईचा तिसरा सेमिनार. ती सकाळच्याच बसनं आली होती, चेहरा उतरलेला. मी प्रोजेक्टर लावत होतो तेव्हा जवळ येऊन हळूच म्हणाली, "भिया, आज शेवटच्या स्लाइडपासून सुरू कर. आणि मी सांगितलं की एकेक मागे घे."

"मागे?"

"हो. नीट ध्यान देना हां."

हॉल भरला. मी बटण दाबलं. पडद्यावर 'निष्कर्ष' आलं. रेणूताईनं एका दमात वाचलं, "अमझेऱ्याच्या बाजारात ओळखीच्या गिऱ्हाइकाला पहिला भाव जास्त सांगतात, कारण तो घासाघीस करणारच हे माहीत असतं. अनोळखी माणसाला थेट खरा भाव सांगतात."

काकांचा हात वर. "एकच छोटी शंका. हे कशावरून?"

"मागच्या स्लाइडवर आहे काका." मी मागे गेलो. तक्ते आले.

"पण ही माणसं निवडलीस कशी?" दिघे सर.

"चिठ्ठ्या टाकून. मागच्या स्लाइडवर आहे सर."

सरांचा चेहरा उजळला.

"आधी कोणी असं म्हटलंय का?" काका.

"मागच्या स्लाइडवर."

आता काका खुर्चीच्या कडेवर आले होते. "सगळं ठीक आहे, पण मुळात बाजार म्हणजे काय?"

मी मागे गेलो. 'बाजार: व्याख्या.'

काकांनी ती पूर्ण वाचली. मग परत वाचली. हात वर गेला, तसाच खाली आला. रेणूताईनं मला मान डोलावून खूण केली आणि मी शेवटचं, म्हणजे पहिलं पान लावलं. तिचं नाव, गाइडचं नाव, विषय.

दिघे सरांनी खिशातून पेन काढलं. "नियमात निष्कर्ष मांडा एवढंच आहे. कोणत्या टोकापासून, ते लिहिलेलं नाही." त्यांनी सही केली. रेणूताईनं कागद दोन्ही हातांनी घेतला आणि मटकन खुर्चीत बसली.

काका अजून पडद्याकडेच पाहत होते. चष्मा पुसून त्यांनी पहिलं पान सावकाश, मोठ्यानं वाचलं आणि दिघे सरांकडे वळून म्हणाले,

"मुलीनं विषय छान निवडलाय. काम सुरू करायला माझी हरकत नाही."