दहिया न पडलेलं झाड

कृषी पदवी झाल्यावर मी यवतमाळजवळच्या एका कापूस संशोधन केंद्राच्या शेतावर लागले. दहिया रोगाला दाद न देणारं देशी कपाशीचं वाण काढायचं, हे आमचं काम. दहिया पडला की पानांवर दही शिंपडल्यासारखे पांढरे डाग येतात आणि पानं गळतात. आम्ही तो मुद्दाम पाडायचो. मागच्या हंगामातली रोगट पानं चुरून ओळींत टाकायची, वर पाणी फवारायचं आणि कोण टिकतं ते बघायचं.

दोन वाणांचा संकर करण्यात बाभुळगावकडून शेतावर कामाला येणाऱ्या एका मावशींचा हात धरणारं कोणी नव्हतं. उद्या फुलणारी कळी आज दुपारीच हेरायची, नखानं पाकळ्या आणि पुंकेसर सोलून काढायचे, वर कागदी टोपी चढवायची आणि सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा. सुरुवातीला माझ्या बहुतेक कळ्या गळायच्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमी सोलून नाही राह्यल्या, ओरबाडून राह्यल्या!"

त्यांच्याच संकराची दुसरी पिढी शेतात उभी होती. एका सकाळी त्यांनी हाक मारली, "इकडे या लवकर. याले काहीच नाही झालं!"

सगळा तुकडा पांढरा पडलेला आणि मधोमध एकच झाड हिरवंगार. हरखून गेले, तरी मी सावधपणे म्हटलं, "नशिबानं वाचलं असेल, मावशी."

"चारही बाजूनं रोग, अन् याले तेवढा शिवला नाही? काहून?"

मला खात्री करून घ्यायची होती. म्हणून आम्ही रोगट पानं त्या झाडावर चोळली, पाणी मारलं, भोवती ओलं गोणपाट बांधलं. वाचलेलं झाड हातचं जाईल म्हणून मावशी तयार नव्हत्या, पण केलं. पुढचे तीन आठवडे मी रोज एकेक पान उलटून पाहिलं. एकही डाग नाही! मावशींनी दुसऱ्या दिवशी घरून तिळाचे लाडू आणले.

पुढच्या वर्षी त्याच झाडाचं बी पेरलं, तर निम्म्या झाडांवर दहिया. मावशी रुसल्या. "आपल्याच लेकराईनं नाक कापलं."

"संकराचं बी लगेच एकसारखं निघत नाही. जी चांगली आहेत, त्यांचंच बी पुन्हा पेरू," मी म्हटलं. असं आम्ही दर हंगामाला करत गेलो. मग एका वर्षी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, पानं उलटत, आणि डाग सापडलाच नाही. मी तिथंच, बांधावर, लहान पोरीसारखी उड्या मारल्या. मावशी पदरात तोंड खुपसून हसत होत्या.

आता ते वाण शेतकऱ्यांच्या शेतात चाचणीला आहे. नेरजवळच्या एका शेतात मी मावशींना मुद्दाम घेऊन गेले. शेतकऱ्यानं मला विचारलं, "हे कोणं काढलं?"

मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाल्या, "आमी." आणि लगेच त्याला दाटीनं पेरल्याबद्दल झाडायला सुरुवात केली.