खांद्याला सोसेल, हरणाला पुरेल

"तू हरणी मारली नाहीस. तू तिचा पाय मोडलास आणि मरायला डोंगरापलीकडे पाठवून दिलंस."

हा माझा भाऊ एनोस. मी कोठारामागे अंडी गोळा करत होते, आणि फळ्यांच्या फटीतून सगळं ऐकू येत होतं. समोर माझा नवरा, आमांडस.

"होतं शिकारीत कधी असं," आमांडस म्हणाला. "गोळी लागली तर होती ना?"

"आडवी होऊन लागली! दुकानातली लांबुडकी गोळी आणि खाली एकशेदहा ग्रेन वजनाची बंदुकीची दारू. तुझ्या नळीच्या आतल्या चरांना पीळ कमी आहे रे. तिला गोल गोळी मानवते. साधी, शिशाची, चिंधीत बसवलेली. किती वर्षं सांगतोय."

"बंदूक माझी आहे."

"मादी तुझी नव्हती."

एवढं बोलून एनोस निघाला तो थेट रक्ताच्या मागावर. बर्फातून दोन दिवस हिंडला. मादी सापडली नाही. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. लॉरेल ओढ्याच्या या काठाला आमचं घर, त्या काठाला त्याचं. नवीन वर्षाच्या दिवशी डुकराचं मांस आणि आंबट कोबी खायला दोघं माझ्याच टेबलावर समोरासमोर बसायचे, आणि तरी, "लोव्हिना, तुझ्या भावाला म्हणावं मीठ दे." मीठ भावाच्या हाताशी, भाऊ हातभर अंतरावर, आणि मी स्वयंपाकघरातून येऊन ते मीठ उचलून द्यायचं. कितीतरी वर्षं मी मीठ पोचवलं.

एनोस आता नाही, म्हणून त्याच्याबद्दल लिहून ठेवते. नातवंडं विचारतात, तो कोण होता. तो दुधाचा टँकर चालवायचा. बायको लवकर गेली, मूल नव्हतं. चर्चमध्ये गायचा, पण शेजारच्या बाकाला ऐकू जाणार नाही असा. आणि आमच्या खोऱ्यात कुणी ठासणीची बंदूक घेतली की ती आधी त्याच्याकडे जायची. तो म्हणायचा, बंदूक म्हणजे सुनेसारखी, तिला काय आवडतं ते दोन दिवस बघावं, मग बोलावं. जुन्या छपरांचं शिसं तो गोळा करायचा. नखानं ओरखडा उठला तर ठेवायचा, नाही उठला तर फेकायचा. मऊ शिशाच्या गोळ्या ओतायचा, डुकराच्या चरबीत बुडवलेल्या चिंध्या कापायचा आणि घरामागच्या मातीच्या बांधावर दारूचं एकेक माप उडवून बघायचा. उडालेली चिंधी गवतातून शोधून आणून उजेडात धरायचा. चिंधी जळली असेल किंवा फाटली असेल, तर मान हलवायचा. त्याच्या खिशात कायम काळ्या चिंध्या असायच्या. मी धुवायला घेतलेल्या शर्टातून त्या काढून काढून थकले.

मग एका उन्हाळ्यात आमांडस गवताच्या माळ्यावरून पडला आणि खांद्यात लोखंड घालावं लागलं. डॉक्टर म्हणाला, हात चालेल, पण मोठा धक्का या खांद्याला द्यायचा नाही. आमांडसनं विचारलं, "आणि बंदूक?" डॉक्टर त्याच्याकडे बघून नुसता हसला.

नाताळ झाला की आमच्याकडे जो हरणांचा मोसम येतो, त्यात चकमकीच्या ठिणगीनं उडणाऱ्या ठासणीच्या बंदुकीशिवाय दुसरी चालत नाही. आमांडस बापाबरोबर जायला लागला त्याला उभा जन्म झाला होता. त्या वर्षी त्यानं बंदूक खुंटीवरून काढली, तेल लावलं आणि माझ्यापुढे ठेवली. "विकून टाक," म्हणाला. आणि खिडकीशी जाऊन बसला. दुसऱ्या दिवशीही तिथंच. आमच्याकडे खिडकीशी बसलेले म्हातारे मी पुष्कळ पाहिलेत. ते तिथून उठत नाहीत.

मी बंदूक गोधडीत गुंडाळली आणि ओढा ओलांडला.

एनोसनं गोधडी न उघडताच ओळखलं. "त्यानं पाठवलं?"

"त्याला माहीत नाही. तो दातांच्या डॉक्टरकडे गेलाय."

"दात आहेत अजून त्याला?"

"तुला चावण्याएवढे आहेत. ऐक, एनोस. खांद्याला सोसेल आणि हरणाला पुरेल, असं काही बसवून दे. नाहीतर माझा माणूस खिडकीतच संपेल."

तो बराच वेळ नळीत बघत राहिला. "माप कमी करणं सोपं आहे," म्हणाला. "पण कमी मापाला जवळचं हरीण लागतं. हा लांबच्यावर उडवेल, आणि पुन्हा एखादं हरीण मोडक्या पायानं फिरेल. ते मी करून देणार नाही, लोव्हिना. माझ्या हातानं नाही."

"मग त्याला सांग तसं."

"मी त्याच्याशी बोलत नाही."

"मीठ पोचवते तसं हेही पोचवीन."

तेव्हा कुठे तो हसला.

आठवडाभर बांधावर आवाज येत राहिले. एका दुपारी त्यानं मलाच बोलावलं. "तुझा खांदा त्याच्या आजारी खांद्याएवढाच आहे," म्हणून बंदूक माझ्या हातात दिली. सत्तर ग्रेनला माझी टोपी उडाली. पन्नासला धक्का लागला नाही, पण गोळी नेमासाठी लावलेल्या कागदाच्या खाली मातीत. साठला जरा ढकलल्यासारखं झालं, बस. चिंधी सापडली ती गोल, कडेला तांबूस, एक धागा न तुटलेली. एनोसनं ती मला फुलासारखी दाखवली. मग हरणाच्या शिंगाचं टोक पोखरून तेवढीच दारू मावेल असं माप त्यानं केलं. काठावर कणभर जास्त ठेवलं नाही.

"त्याला सांग, चाळीस पावलं," तो म्हणाला. "त्यापुढचं हरीण दिसलं तर छान आहे म्हणायचं आणि जाऊ द्यायचं."

मी बंदूक, माप आणि निरोप घरी आणला. आमांडसनं ते माप बोटांत फिरवून फिरवून पाहिलं. "एवढंसं? एवढ्यानं ससा तरी पडेल का? तुझ्या भावाला म्हणावं—"

"तूच म्हण. ओढ्यावर फळी आहे."

तो काही गेला नाही. पण मोसमाच्या पहिल्या सकाळी खिडकीतली खुर्ची रिकामी होती.

त्या सकाळी मी सफरचंदाचा मुरंबा द्यायला एनोसकडे गेले होते. बाहेर बर्फात पावलं वाजली आणि दारात आमांडस. नाक लाल, बंदूक हातात, आणि तोंड असं की शाळेतून घरी पाठवलंय.

"एनोस," तो म्हणाला. थेट. मध्ये मी उभी असून. "तुझा तो स्क्रू आहे ना, ठासायच्या गजाच्या टोकाला लावायचा. गोळी बाहेर काढायचा."

एनोसनं पाव खाली ठेवला. "का?"

"आत गोळी आहे."

"आणि दारू?"

आमांडस छताकडे बघत राहिला.

"आमांडस. दारू आहे का आत?"

"नाही."

माझा भाऊ आयुष्यात मोठ्यानं हसला नव्हता. तेव्हाही हसला नाही, पण त्याचे कान हलले. "दारूशिवाय गोळी ठासलीस. तू."

"ऐकून तर घे! झऱ्यापाशी उभा होतो. तुझं ते माप भरलं. वाटलं, थोडी वर घालू. मग वाटलं, नको. मग वाटलं, चिमूटभर, कुणाला कळतंय. मग ती मादी आठवली." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "म्हटलं, परत दारू ठेवायच्या शिंगात ओतू, नीट पुन्हा मोजू. ओतली. तेवढ्यात मागून हरीण फुरफुरलं. वळून बघतो तर पंधरा पावलांवर! घाईत गोळी ठासली, बाहेरच्या वाटीत पेटवायची रंजक घातली, चाप ओढला. रंजक भुर्रकन जळली आणि पुढे काही नाही. मी त्याच्याकडे बघतोय, ते माझ्याकडे बघतंय."

"मग?"

"मग ते चालत गेलं. पळालं सुद्धा नाही."

एनोस स्क्रू घेऊन आला. गोळी काढली, नळी पुसली. मग कात्री घेऊन उभा राहिला. "शर्ट बाहेर काढ."

आमच्याकडे हरीण चुकलं की शर्टाचं मागचं टोक कापून भिंतीला ठोकतात. आजोबांपासून चालत आलंय.

"हे चुकणं नाही!" आमांडस ओरडला. "गोळी सुटलीच नाही, तर चुकली कशी?"

"हरीण कुठे आहे?"

"जंगलात."

"मग शर्ट काढ."

"लोव्हिना, तुझ्या भावाला सांग—"

"मी आता कुणाचं काही पोचवत नाही," मी म्हणाले, आणि मुरंबा कपाटात ठेवायला गेले. मागे कात्रीचा आवाज आला. चांगला लोकरीचा शर्ट होता, मीच दिलेला.

शनिवारी दोघं बरोबर गेले. एनोसनं स्वतःची बंदूक नेली नाही. आमांडसनं नंतर मला सांगितलं ते असं. आधी एक मोठा नर दिसला, शिंगं अशी की भिंत पुरणार नाही, पण पार उताराच्या तळाशी. आमांडसनं बंदूक उचलली. एनोस दुसरीकडे बघत राहिला. आमांडसनं बंदूक खाली घेतली. "छान आहे," म्हणाला. तेव्हाच एनोसनं तंबाखूची डबी त्याच्यापुढे केली. दुपारी झऱ्याच्या वाटेनं एक मादी आली, जवळून, सावकाश. साठ ग्रेन, गोल गोळी. ती चार उड्या मारून तिथंच पडली, दोघांच्या डोळ्यांसमोर. मागावर जावंच लागलं नाही. एनोस तिच्याशेजारी गुडघे टेकून बसला, तिचे चारही पाय हातानं चाचपले आणि मग म्हणाला, "खांदा?"

"खांद्याचं कळलंही नाही," आमांडस म्हणाला.

त्या नवीन वर्षी मीठ टेबलावरून आपोआप फिरलं.

पुढे दर वर्षी एनोस डिसेंबरात यायचा. खांदा दिवसेंदिवस आखडत होता, आणि दारूचा प्रत्येक नवा डबा थोडा वेगळा निघतो, म्हणून तो आधी आपल्या बांधावर उडवून बघायचा, मग आमच्याकडे आणायचा. शेवटच्या वर्षी त्याचा श्वास ओढ्यावरच्या फळीवरच फुलला होता. मी म्हटलं, बस जरा. तो बसला नाही. आमांडसला अंगणात उभं केलं, बंदूक खांद्याला लावायला सांगितली, मागून दोन बोटांनी खांदा दाबून पाहिला. "पंचावन्न," म्हणाला. "आणि या वर्षी पस्तीस पावलं."

"चाळीस."

"पस्तीस, हट्टी माणसा."

"बरं."

मग कॉफी घेतली, अर्धी ठेवली. दारूचा दुसरा डबा काखोटीला मारला आणि वरच्या वाटेनं शेजारच्या झर्बीबाईंच्या घराकडे निघाला. त्यांच्या बंदुकीची चकमक झिजली होती, आणि मोसम उघडायच्या आत ती बदलून द्यायची होती.