एड्नाकाकू आणि माझ्या टाचा

एड्नाकाकूंसमोर शपथ घ्यायची सोय नव्हती. आणि मी तर दोन शपथा घेतल्याशिवाय भाजीचा भावही न सांगणारी बाई! ‘देवाशप्पथ काकू, दारात बर्फ हत्तीच्या पोटाला लागेल एवढा!’ म्हटलं की शिवणावरची नजर न काढता त्या विचारायच्या, ‘किती?’

‘...घोट्याएवढा.’

‘मग घोट्याएवढा म्हण. शपथ कशाला?’

अमेरिकेत, आमच्या ॲन आर्बरच्या घराशेजारी राहणाऱ्या या काकू मेनोनाइट. ख्रिश्चनांमधला साधं राहणारा पंथ. कोर्टातसुद्धा शपथ घेत नाहीत. केसांवर जाळीची पांढरी टोपी, अंगात लांब झगा. असे लोक घोडागाडीने फिरतात असं मी कुठेतरी पाहिलेलं, म्हणून पहिल्याच दिवशी घोडा शोधत त्यांच्या घराला प्रदक्षिणा घातली. गॅरेजात माझ्या गाडीहून नवी गाडी! ‘घोडेवाले वेगळे,’ मागून आवाज आला. ‘कॉफी घेतेस?’

आयुष्यभर त्यांनी निर्वासितांसाठी गोधड्या शिवल्या. एका हिवाळ्यात हृदय थकलं, सुई सुटली. मी वरणभाताचे डबे पोचवू लागले. त्या आवडीने खायच्या, पण एकदा म्हणाल्या, ‘आता मी नुसती घेणारीच उरले गं.’

ईस्टरआधीच्या गुरुवारी म्हणाल्या, ‘चर्चला ने.’ येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या दिवशी तिथे बायका एकमेकींचे पाय धुतात. मला वाटलं, मी फक्त ड्रायव्हर. तर काकूंनी घमेलं माझ्यासमोर ठेवलं आणि खुर्चीला धरत गुडघे टेकले.

‘बूट काढ.’

आईपेक्षा मोठी बाई माझ्या पायांना हात लावणार? मी पाय खुर्चीखाली ओढले. शिवाय टाचांच्या भेगा अशा, की खारीचं एक कुटुंब सामानासकट हिवाळा काढेल. ‘अहो काकू, मी तुमच्या पाया पडायचं! हे उलटं काय?’

‘तुझ्या डब्याला मी कधी नको म्हटलं?’ त्यांना धाप लागली होती. ‘पुढच्या वर्षी मला गुडघे टेकता येणार नाहीत. पाय दे.’

पुढचं वर्ष त्यांनी पाहिलंच नाही. मी पाय दिले.

त्यांनी टाचा, बोटांच्या बेचक्या, सगळं सावकाश धुतलं, टॉवेलने टिपलं. तेवढा वेळ मी एक शब्द बोलले नाही. आमच्या ह्यांचा यावर अजून विश्वास नाही.

मग काकूंना उठता येईना. उचलायला मी ऐटीत खाली वाकले, तर माझाच गुडघा आखडला. दोघी जमिनीवर, मध्ये घमेलं.

‘आता काय हो काकू?’

‘बसलीच आहेस,’ त्यांनी मोजे उतरवले, ‘तर माझेही धू.’

हलके, गार पाय. धुऊन पुसले आणि सवयीने त्या पायांवर डोकं टेकवलं.

‘अगं, आमच्यात माणसापुढे वाकत नाहीत.’

‘आमच्यात वाकतात.’

 काकूंनी पाय मागे घेतले नाहीत.