तित्तरवाले बाबा

बाबांनी तित्तराला साद घातली की तित्तर उत्तर द्यायचा. औशाच्या तहसील कचेरीबाहेर मी अर्ज टाइप करून देतो. माझ्या टेबलाशेजारी उकिडवे बसून त्यांनी एकदा ओठ दुमडले, तेव्हा मागच्या पडीक रानातून खरंच आवाज आला आणि रांगेतली माणसं वळून बघू लागली.

फासेपारध्यांच्या पालावरचे ते जाणते. फासे लावणं त्यांनी कधीच सोडलं होतं. कायद्यानं बंदी आली आणि माळांवर नांगर फिरून सोयाबीन झालं. फवारणीनं किडे गेले, किड्यांमागं तित्तर गेले, असं ते सांगत. पण घोड्याच्या शेपटीच्या केसांचा फास कसा वळायचा हे सांगताना त्यांची बोटं आपोआप चालत. पिलं असलेली मादी सापडली तर सोडून द्यायची आणि एका माळावर मोसमात दुसऱ्यांदा जायचं नाही, हा त्यांच्या वडिलांचा नेम होता. "फिरून गेलं की माळ मुका होतो, मुन्शीभाई," ते म्हणत.

त्यांच्या नातीला नर्सिंगला प्रवेश मिळत होता. जातीचा दाखला तेवढा हवा होता, आणि त्यासाठी वाडवडील कुठं राहत होते ते लिहायचं होतं. मी विचारलं. बाबा सांगत गेले. पावसाळ्यात तेरणेकाठच्या उंच खडकाळ माळावर, कारण तिथं पाणी साचत नाही. ज्वारी निघाली की रेणापूरकडं, सांडलेल्या दाण्यांवर पाखरं उतरतात म्हणून. उन्हाळ्यात डोहाजवळ. कोणत्या कपारीत मध असतो, दुष्काळात कोणता कंद खणायचा, तेही त्यांनी सांगितलं. मी सगळं टाइप केलं. दीड पान झालं.

अर्ज परत आला. वाडवडील इथं राहत होते याचा जुना सरकारी कागद जोडा, असा शेरा होता. कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं मला नियम दाखवला. मग मी बाबांना घेऊन तीन गावच्या सरपंचांकडे गेलो. तिघांनीही चहा पाजला आणि तिघांनीही सांगितलं की ही माणसं आमच्या गावची नाहीत, येऊन जाऊन असायची. लिहून कुणी दिलं नाही. प्रवेशाची मुदत संपली त्या दिवशी नात कचेरीत आली होती. ती रडली नाही. गुणपत्रिकेवरची धूळ ओढणीनं पुसून तिनं ती पिशवीत ठेवली. मला तिच्याकडं बघवलं नाही.

दोन आठवड्यांनी बाबा एकटेच आले. नात ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेल्याचं त्यांनी सांगितलं आणि अर्ज पुन्हा वाचून दाखवायला लावला. मी सावकाश वाचला. एका नाल्याचं नाव चुकलं होतं, तेवढं त्यांनी सुधारून घेतलं.

"आता समदं बरोबर हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"हाव, बाबा."

"मग चुकलं कुठं?"

मी चहा मागवला. तो बशीत ओतून त्यांनी संपवला, गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि किल्लारीच्या जीपकडं चालत गेले. त्यानंतर ते कचेरीकडं आले नाहीत.