सॅम्पल फ्लॅटमधले रविवार

स्वस्तात रविवार कसा घालवायचा हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं आणि लोकांनी मला वेड्यात काढलं असतं. वर्षभर मी आणि माझा नवरा दर रविवारी घोडबंदर रोडला घरं बघायला जायचो. आमच्या सात पिढ्यांना परवडणार नाहीत अशी घरं. घ्यायची म्हणून नव्हे, तिथे गप्प बसता येतं म्हणून.

आम्ही राहतो डोंबिवलीला, तिसऱ्या मजल्यावर, वन रूम किचनमध्ये. लिफ्ट नाही. मुलगा पुण्याला नोकरीला लागल्यापासून घरात माणसं तीनच, मी, नवरा आणि सासूबाई. तिघांना जागा तशी पुरते, पण आवाज मावत नाही. सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे आमचा टीव्ही लागला की खालच्या मजल्यावरच्या काकूंना स्वतःचा लावावा लागत नाही. मालिका सुरू असली की सासूबाई मालिकेतल्या बायकांशी बोलतात आणि जाहिराती लागल्या की माझ्याशी. गुडघे गेल्यामुळे त्या दीड वर्षात जिना उतरल्या नव्हत्या. पौर्णिमेला विहारात जायच्या, तेही सुटलं. म्हणजे बाई चोवीस तास घरात. मी त्यांना कधी उलट बोलले नाही, असं मी सगळ्यांना सांगत असते. तोंडाने नाही बोलले, एवढं खरं. मनात तर मी रोज भांडायचे, आणि तिथे नेहमी मीच जिंकायचे.

सुरुवात झाली ती एका भांडणाने. मे महिना होता. माझं आणि नवऱ्याचं काहीतरी बिनसलेलं. काय ते आता आठवत नाही, पण मुद्दा माझाच बरोबर होता. घरात भांडता येईना, कारण सासूबाईंना एरवी काही ऐकू येत नसलं तरी आमचं भांडण बरोब्बर ऐकू येतं. म्हणून छत्री घ्यायच्या निमित्ताने आम्ही ठाण्याला गेलो. तलावपाळीवर बसून निवांत भांडू म्हटलं, तर एकूण एक बाकावर जोडपी. त्यांची भांडणं अजून सुरू व्हायची होती, त्यामुळे कुणी उठायचं नाव घेईना. ऊन मी म्हणत होतं. स्टेशनकडे परत येताना एकाने हातात कागद कोंबला, "सर, मॅडम, साइट व्हिजिट, एसी गाडी, एकदम फ्री." नवरा म्हणाला, "अगं, एसी आहे." आम्ही बसलो.

बापरे, काय ते ऑफिस! आत शिरल्या शिरल्या गार हवा, गार पाण्याच्या बाटल्या, काचेच्या कपात कॉफी, वर बिस्किटं. एका गोड मुलीने फॉर्म भरून घेतला. स्वतः राहायला की इन्व्हेस्टमेंट? नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "बघू, अजून ठरत नाहीये." आयुष्यात पहिल्यांदा मी असं बोलले, जणू दोन्ही शक्य होतं. मग तिने आम्हाला बॅटरीच्या गाडीत बसवून सॅम्पल फ्लॅटमध्ये नेलं, सगळं दाखवलं आणि म्हणाली, "तुम्ही आरामात बघा, मी बाहेर आहे."

ती बाहेर गेली आणि मला एकदम चुकल्यासारखं झालं. मग लक्षात आलं, आवाज नाहीये. कुकर नाही, टीव्ही नाही, भिंतीपलीकडचं ड्रिल नाही. आम्ही दोघं त्या सोफ्यावर बसलो. भांडायचं राहूनच गेलं. अर्ध्या तासाने ती मुलगी आली तेव्हा नवरा मास्टर बेडरूममध्ये झोपला होता आणि त्याचे पाय पलंगाबाहेर लोंबत होते. सॅम्पल फ्लॅटमधले पलंग मुद्दाम आखूड करतात, खोली मोठी दिसावी म्हणून, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. मी म्हटलं, "सरांना बेड चेक करायची सवय आहे."

मग काय, चटकच लागली. आज घोडबंदर, पुढच्या रविवारी शीळफाट्याच्या बाजूला, मग पुन्हा घोडबंदर. आम्ही अगदी पटाईत झालो. आतल्या खोल्यांना दारं नसतात, नळाला पाणी नसतं, टीव्ही पुठ्ठ्याचा असतो. टेबलावरची सफरचंदं प्लॅस्टिकची असतात, हे नवऱ्याने दात लावून पाहिलेलं आहे. आणि जवळजवळ प्रत्येक घरात बुद्धाचं नुसतं मुंडकं, शोभेला. कधी बाथरूमच्या वाटेवर, कधी चपलांच्या कपाटापाशी. माझं डोकंच फिरायचं. मी दरवेळी ते उचलून वरच्या फळीवर ठेवायचे. "मॅडम प्लीज, ते डिझायनरने तिथे ठेवलंय." मी म्हणायचे, "डिझायनरच्या आईचा फोटो ठेवेल का तो चपलांपाशी?" एका ठिकाणी आम्हाला कॉफी मिळाली नाही ती यामुळेच.

थापाही वाढत गेल्या. नवरा एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत सुपरवायझर आहे, तो हळूहळू "केमिकलमध्ये बिझनेस" झाला. मी पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरला बसते, मी "हेल्थकेअर" झाले. आठवडाभर फोन यायचे, "मॅडम, कैसा लगा?" मी लॅबमध्ये लघवीच्या बाटलीवर नंबर टाकता टाकता सांगायचे, "व्ह्यू ठीक वाटला, पण किचन जरा लहान आहे." बोलायला काय जातंय!

घरी मात्र आम्ही एकही थाप मारली नाही, याचा मला फार अभिमान होता. सासूबाईंनी विचारलं, "दर रविवारी कुठे गं जाता?" मी सांगितलं, "घर बघायला." यात खोटं काय आहे? शिवाय पुरावा म्हणून पिशवीत ते गुळगुळीत माहितीपत्रक असायचंच. त्या चष्मा लावून एकेक पान बघायच्या. बोट ठेवून विचारायच्या, "ही लिफ्ट का?" मी म्हणायचे, "हो, चार चार आहेत." "चार कशाला? मला एक पुरे. रोज खाली जाईन, विहारात जाईन, तुमच्या पाया नाही पडणार." मी हसायचे आणि भाजी चिरायला घ्यायचे. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर रविवार गेला असता, आणि मला रविवार हवा होता.

एकदा संध्याकाळी लॅबमधून आले तर खिडकीखालचा कोपरा रिकामा. तिथे सासूबाईंचं शिलाई मशीन असायचं. सासरे गेल्यावर त्यांनी त्या मशीनवर चाळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवून माझ्या नवऱ्याला शिकवलं. मी म्हटलं, "आई, मशीन कुठाय?" "दिलं. समोरच्या बिल्डिंगमधली ती मुलगी क्लास लावतेय ना शिवणाचा, तिला. नव्या घरात ते कुठे ठेवणार? तुमच्या त्या पुस्तकातला पांढरा सोफा आहे तिथे." नंतर कळलं की पाटा-वरवंटा खालच्या काकूंकडे पोचलाय, पितळेचे डबे कुणाकुणाकडे गेलेत. पंधरा दिवस बाई घर रिकामं करत होती आणि मला वाटत होतं, काय बाई, हल्ली घर मोकळं मोकळं वाटतंय, बरं वाटतंय.

नवऱ्याला म्हटलं, "अरे, तू सांग." तो म्हणाला, "तू सांग, घर बघायला जातो असं तू म्हणालेलीस." मी म्हटलं, "आई तुझी आहे." "पण ती ऐकते तुझं." असं आम्ही आठ दिवस एकमेकांना मान देत बसलो.

आणि शनिवारी दुपारी कामावरून आले तर आमच्या पॅसेजमध्ये खुर्च्या. बिल्डिंगमधल्या बायका, विहारातल्या बायका. विहारातल्या काही जणी तर सत्तरीच्या, तीन मजले चढून आलेल्या. सासूबाई मधोमध, पांढरी साडी नेसून, केस नीट बांधून. त्यांचा निरोप समारंभ चालू होता. पेढे, वेफर्स, एक भिंतीवरचं घड्याळ. खालच्या काकू बोलायला उभ्या राहिल्या आणि रडायलाच लागल्या. "आजी तिथे जाऊन आम्हाला विसरू नका." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नशीब काढलंस गं. सून असावी तर अशी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पेढा खाल्ला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या पेढ्याने शिकवलं.

सगळ्या गेल्या, मी पॅसेज झाडला, खुर्च्या परत केल्या. नवरा आला. मग मी सासूबाईंसमोर जमिनीवर बसले.

"आई, आपण घर घेत नाही आहोत."

"बरं. दिवाळीनंतर?"

"नंतरपण नाही. घ्यायचंच नव्हतं. आपल्याला झेपण्यासारखं नाहीये ते."

त्यांनी आधी नवऱ्याकडे बघितलं. तो घड्याळाचं खोकं उघडत बसला होता, शूर माणूस. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मग वर्षभर जात कुठे होतात?"

"घरंच बघायला."

"घ्यायचं नाही, तर बघायचं कशाला?"

आता खोटं बोलायचं त्राण नव्हतं. म्हटलं, "तिथे एसी असतो. कॉफी देतात. कुणी काही बोलत नाही. शांत असतं. बसतो जरा."

मला वाटलं आता त्या मशीनवरून बोलतील. डब्यांवरून बोलतील. चारचौघींत हसं झालं म्हणून बोलतील. मी मान खाली घालून तयारच होते. एवढंच म्हटलं, "मी उद्या जाऊन मशीन परत मागते."

"दिलेलं परत मागतात का?" त्या म्हणाल्या. "नुसतं बसायलाच जात होतात, तर मला का नाही नेलंत?"

"अहो, तुमचे गुडघे... तीन मजले..."

"मी दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरते. रोज दुपारी, तुम्ही दोघं कामावर गेलात की. कठडा धरून बसत उठत जाते. घर बदलायच्या दिवशी मला सामानासारखं उचलायला लागू नये म्हणून. विचार खालच्या काकूंना." त्यांनी पाय चोळायला घेतले. "सहा महिने झाले. एकदा विचारलं असतंत तर खालपर्यंत आले असते."

मला रडू आलं. खरं सांगायचं तर लाज जास्त वाटली. कारण का नाही नेलं, याचं उत्तर मला माहीत होतं, आणि ते मी आत्ताच स्वतःच्या तोंडाने देऊन बसले होते. शांत असतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी सकाळीच उठून कामाला लागले. खालच्या काकूंच्या मुलाला आणि माझ्या नवऱ्याला सांगून ठेवलं, दर सहा पायऱ्यांनी टेकायला एक प्लॅस्टिकची खुर्ची घेतली, रिक्षा दारात उभी करायची ठरवली. घरं गेली खड्ड्यात, आधी विहार, मग खाडीवर जाऊ, तिथे बसू. सगळी तयारी झाल्यावर आत जाऊन म्हटलं, "आई, चला. आज तुम्हाला घेऊन जायचंय."

त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "नको गं. तुम्ही दोघं जाऊन या. आठवडाभर राबता, तेवढाच एक दिवस मिळतो. मी बरोबर आले की तुम्हाला कुठलं शांत बसायला मिळणार?"

टोमणा असता तर मी सुटले असते. टोमण्याला माझ्याकडे कायम उत्तर तयार असतं. पण त्या अगदी मनापासून म्हणत होत्या, आणि म्हणता म्हणता त्यांनी माझी पर्स उचलून माझ्या हातात दिली.