बाटरीची खंडेनवमी

डोंबिवलीला तेव्हा भातशेती, एक विहीर आणि माझं स्टेशन एवढंच होतं. स्टेशनमास्तर मीच, तारमास्तरही मीच, त्यामुळे आजारी पडायचीसुद्धा सोय नव्हती. त्या आश्विनात आई ठाण्याला, कोपरीत थोरल्या भावाकडे अंथरुणाला खिळली होती. कमीजास्त झालं तर भाऊ ठाणे स्टेशनात जाऊन मला तार करणार, मी तारेनेच बदली माणूस मागणार आणि तो आला की निघणार, असं ठरलं होतं.

तार चाले बाटरीवर. बाटरी म्हणजे फडताळात मांडलेल्या काचेच्या बरण्या. बरणीत तळाशी तांब्याचा पत्रा नि मोरचुदाचं निळं पाणी, वर जस्त नि नितळ पाणी. निळं पाणी जड म्हणून खाली राहतं, एवढ्याच भरवशावर सगळा कारभार. मोरचूद संपत आला की जोर उतरे. वरचं पाणी जस्ताने दाट झालं तरी उतरे, मग ते थोडं काढून ताजं घालायचं. थंडीत बाटरी सुस्तावे. आणि बरणी हलून निळं पाणी जस्ताला भिडलं, की जस्तावर काळं कीट चढून सगळंच आटोपलं. दिवाळसणाला आलेल्या जावयासारखी त्या बरण्यांची मर्जी राखावी लागे, आणि वर्षानुवर्षं ती राखून मी कंटाळलो होतो.

खंडेनवमीला सकाळची गाडी पास करून आत येतो, तर बरण्या तारांसकट खाली पाटावर उतरलेल्या. धुतल्या-पुसलेल्या, प्रत्येकीला कुंकवाचं बोट, वर झेंडूचं फूल. आमच्या म्हाताऱ्या हमालाने हत्यारं पुजली होती. आतलं पाणी वरपासून खालपर्यंत निळंशार झालं होतं.

तेवढ्यात यंत्र टकटकू लागलं. ठाणं कळवत होतं, "तुमचे भाऊ इथे आलेत. आईंचं कठीण आहे. कधी निघता?" मी कळवलं, बदली माणूस पाठवा. ठाणं म्हणालं, अक्षर लागत नाही, पुन्हा सांगा. पुन्हा सांगितलं, परत परत सांगितलं. त्यांच्या बाटरीच्या जोरावर त्यांचं मला सगळं ऐकू येत होतं, माझं मात्र त्यांच्यापर्यंत धड पोचतच नव्हतं.

मी हमालावर ओरडलो. तो भांबावला.

"तुमच्या आयशीला बरा वाटावा म्हणून पुजली, मास्तर. हलवाची नाय त सांगाचा व्हता. तुम्ही नुसतं बाटरी बाटरी बोलता. घट बोलला असतात, त मी हात लावला असता का?"

बसवलेला घट हलवत नाहीत, हे त्याला मी काय शिकवणार? करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

दोघांनी मिळून बरण्या उपसल्या, जस्त खरवडलं, ताजं पाणी भरलं, तळाशी मोरचुदाचे खडे सोडले. पण निळा थर बसायला त्याचा वेळ घेतो, कुणाची आई आजारी आहे हे त्याला कळत नाही. दुपारी ठाण्याकडची गाडी आली. माझा निरोप पोचला असता तर बदली माणूस तिच्यातूनच आला असता, पण कुणीच उतरलं नाही. मी हिरवा बावटा दाखवला.

ऊन कललं तसा जोर मोजायच्या यंत्राचा काटा हळूहळू सरकला. मी ठाण्याला हाक दिली. पहिल्याच हाकेला ओ आली.

"बदली माणूस पाठवा," मी कळवलं.

मग ठाणं म्हणालं, "आई दुपारीच गेल्या. तुमच्या उत्तराची वाट बघत इथेच बसलेले भाऊ निरोप येताच घरी परतले. माणूस अजून हवा का?"

"हवा," मी कळवलं.