शिंगासाठी राखलेली अक्कलदाढ

रोह्याजवळच्या अष्टमी गावात रिक्षाच्या सीटा शिवणारा निसीम अष्टमकर कुणाच्या अध्यातमध्यात नसायचा. मशीनवर बसून दिवसभर शीळ घालत काम करायचा, एवढाच काय तो त्याचा आवाज. पण नव्याचा सण, म्हणजे बेने इस्रायली ज्यू लोकांचं नवं वर्ष आलं, की पेणच्या सिनेगॉगमध्ये मेंढ्याचं शिंग फुंकायचं ते निसीमनेच. विद्या वडिलांची. मंडळी एकेक करून इस्रायलला निघून गेली, आणि उरलेल्यांनी शिंग तोंडाला लावलं की नुसती फुसफुस व्हायची. निसीमने लावलं की अंगावर काटा यायचा. त्या एका सकाळी तो ताठ मानेने चालायचा. का चालू नये?

गेल्या पावसाळ्यात त्याची खालची अक्कलदाढ उठली. गाल सुजला, तोंड उघडेना. रोह्याच्या डॉक्टर सुरभीने फोटो काढून सांगितलं, "दाढ आडवी आहे काका, काढायलाच हवी. मुळाजवळून नस जाते. ओठ काही दिवस बधिर राहील, शीळबीळ जमणार नाही. क्वचित कायमचाही राहतो."

ओठच गेला तर शिंग कशाने फुंकायचं?

"काढून टाका हो," बायको रेबेका म्हणाली. "शिंग फुंकायला आधी माणूस धड पाहिजे."

त्याने पेणला आरोनला फोन लावला. आरोन त्याचा लहानपणचा सवंगडी, सिनेगॉगची सगळी व्यवस्था तोच बघायचा. आरोन म्हणाला, "अरे, सणापर्यंत कळ काढ. तूच नाय तर कोण फुंकणार? आपला आब तुझ्या हातात हाय."

एवढं ऐकल्यावर निसीम कशाचा काढतोय दाढ! त्याने लवंगा चघळल्या, मिठाच्या गुळण्या केल्या, भाकरी सोडून पेजेवर दिवस काढले. गणपती आले नि गेले, शेजाऱ्यांनी दिलेला मोदक त्याला चावता आला नाही. आरोन मधूनमधून फोन करायचा. "दाढ हाय ना अजून?" निसीमला भरून यायचं. कोण एवढी काळजी करतं आजकाल!

सणाच्या सकाळी तो पेणला पोचला, तर दारातच डेबोरामावशीने त्याच्या सुजल्या गालावरून हात फिरवला. "मन मोठं हाय रे तुझं. दुखण्यापायी आपणहून मान सोडलास, पोराला पुढं केलंस."

"कोणत्या पोराला, मावशी?"

मावशीने गोंधळून आत बोट दाखवलं. आत आरोनचा मुलगा नथानियल नवी टोपी घालून उभा होता, आणि शिंग त्याच्या हातात होतं. कंपनीतल्या शिफ्टा सांभाळून तो चार महिने बापाच्या देखरेखीखाली शिकत होता. त्याने फुंकलं. आवाज चांगला निघाला. वाईट निघाला असता तर निसीमला निदान ते तरी समाधान मिळालं असतं.

प्रार्थना संपल्यावर त्याने आरोनला सिनेगॉगच्या विहिरीमागे गाठलं.

"मी कधी मान सोडला रे?"

आरोनने नजर चुकवली. "नथानियल जाणार तिकडं इस्रायलला, कायमचा. एकदा माझ्या डोळ्यांदेखत फुंकू दे म्हटलं. लोकांना काय तरी सांगायला नको? तुझी दाढ होतीच."

"मग मला सांगायचंस. मी कधीच काढून मोकळा झालो असतो. कळ काढ का म्हणालास?"

"पोराला नाय जमलं असतं तर?"

निसीमला एकदम उमगलं. आपण मित्र नव्हतो, रिक्षामागे लटकवलेला स्टेपनीचा टायर होतो. तो जेवायला थांबला नाही. परतीच्या गाडीत कासू स्टेशन कधी गेलं तेही त्याला कळलं नाही. तो चारचौघांत गाल धरून रडत होता, आणि लोकांना वाटलं दाढ दुखते.

पुढच्याच आठवड्यात दाढ निघाली. शेजारचा दातही किडला होता, तोही काढावा लागला. "तेव्हाच आला असतात तर तो वाचला असता," सुरभी म्हणाली. ओठ बधिर झाला, चहा हनुवटीवरून ओघळायचा. मात्र दिवाळीनंतर संवेदना परत आली, आणि मशीनवर शीळही सुरू झाली.

यंदा सण तोंडावर असताना आरोनचा फोन आला. नथानियल गेला होता. आरोनचा आवाज अगदी मऊ होता. "ओठ बरा झाला ना रे? येशील ना?"

निसीमने हातातली सीट खाली ठेवली. देवाच्या कामात तो कधी खोटं बोलला नव्हता.

"नाय रे. बधिरच हाय अजून. कायमचाच गेला म्हणतात."

दारात उभ्या रेबेकाने ते ऐकलं. निसीमला तिच्याकडे बघवेना.

त्या सणाला पेणमध्ये शिंग वाजलं नाही. आणि त्या दिवसापासून, कुणी ऐकून पेणला सांगेल म्हणून, निसीमने शीळ घालणंही सोडलं.